इन्व्हर्टरला लो-बॅटरी कटऑफ लावताय? या चुका टाळा

उन्हाळा लागला की सोलापुरात एक तक्रार ठरलेली: "बॅटरी दोन वर्षांत गेली, कंपनीच बोगस." कंपनीचा दोष क्वचित असतो. बॅटरी तळापर्यंत पिळलेली असते आणि रात्रभर तशीच पडून राहिलेली असते. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडली की प्लेटांवरचं सल्फेट कडक होतं, मग कितीही चार्जिंग करा, ते पूर्ण सुटत नाही.

"इन्व्हर्टरला कटऑफ असतोच की!" असतो, म्हणजे व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो; पण 12 व्होल्टच्या बॅटरीला तो आकडा बहुधा 10.5 व्होल्टच्या आसपास असतो. दोन पंखे, टीव्ही चालू असताना 10.5 दिसले तर बॅटरीत अजून थोडा जीव असतो. नुसता राउटर नि एक एलईडी चालू असताना तेवढे दिसले तर ती पुरती रिकामी आहे. घरगुती लोडला मी 11.3 ला बंद करतो. वीस मिनिटं कमी मिळतात म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी बॅटरी मोठी घ्यावी.

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक म्हणजे बंद आणि चालू व्होल्टेज जवळजवळ ठेवणं. विडी घरकुल वसाहतीत शाळेचे युनिफॉर्म शिवणारं एक युनिट आहे. 24 व्होल्टचा इन्व्हर्टर, दोन बॅटऱ्या. कुणीतरी व्हिडिओ बघून कटऑफचा तयार बोर्ड लावून दिला: 22 ला बंद, 23 ला चालू, मध्ये डिले शून्य. लोड सुटला की बॅटरीचं व्होल्टेज आपोआप वर येतं. ते 23 ला गेलं की रिले (बोर्डावरचा आपोआप चालणारा स्विच) चालू, मोटारींनी करंट ओढला की परत 22 च्या खाली. संध्याकाळभर टक-टक, सुया मोडल्या, कारागीर वैतागले. मला बोलावलं तेव्हा मालक म्हणाले, "आता चालतंय की ओ, फक्त बॅकअप नाही." रिलेच्या दोन टर्मिनलवर लाल वायरचा तुकडा, त्यावर चिकटपट्टी. म्हणजे कटऑफच बायपास! बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या तर एक 12.3, दुसरी 10.4. दुसरीचा एक सेल बसला होता. ऐन मे महिन्यात, ऑर्डरी अंगावर असताना, दोन्ही बदलाव्या लागल्या.

मी 30 सेकंदांचा डिले ठेवतो, म्हणजे मोटार उचलताना पडलेल्या व्होल्टेजला रिले भुलत नाही. आपोआप चालू होणं मात्र ठेवतच नाही. बंद झाला की बंद, लाईट आल्यावर हाताने चालू करा. ज्यांना ठेवायचंच आहे त्यांनी 12 व्होल्टच्या बॅटरीला चालू व्होल्टेज 12.8 च्या खाली ठेवू नये.

दुसरी आवडती चूक: बॅटरीच्या जाड केबलमध्येच रिले. 600 वॅटच्या लोडला 12 व्होल्टवर, नुकसान धरून, 60 अँपिअरच्या आसपास करंट जातो. गाडीचा 40 अँपिअरचा रिले तिथे चिकटतो, मग कटऑफ नावापुरता. शिवाय चार्जर इन्व्हर्टरच्याच पोटात. केबल तोडलीत तर लाईट आल्यावर चार्जिंग जाणार कुठून? बॅटरी 12.8 ला पोचणार नाही, रिले लागणार नाही, बसा वाट बघत. त्यापेक्षा इन्व्हर्टरच्या पुढच्या बाजूच्या ऑन-ऑफ स्विचच्या बारीक वायरीत रिले टाका. बहुतेक घरगुती मॉडेलमध्ये तो बंद असला तरी चार्जिंग चालू राहतं, तरी आधी तपासून घ्या.

सेन्सिंगची, म्हणजे बोर्ड ज्यावरून व्होल्टेज मोजतो ती, वायर बॅटरीच्या टर्मिनलवरूनच घ्या, फ्यूज लावून. इन्व्हर्टरच्या टोकावरून घेतली की केबलमध्ये पडणारं व्होल्टेज बॅटरीच्या नावावर खपतो.

पत्र्याखाली बॅटरी असेल तर सेटिंगला हात लावण्याआधी पाणी बघा. डिस्टिल्ड, बोअरचं नव्हे.

लिथियमला यातला एकही आकडा लावू नका.

आणि टेबलावर पॉवर सप्लाय फिरवून "टेस्ट झाली" म्हणू नका. मेन बंद करा, रोजचा लोड लावा, मल्टिमीटर टर्मिनलवर धरा आणि रिले पडेपर्यंत तिथेच बसा.