वर्ग सांभाळताना या चुका टाळा

फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहायला मॉनिटरला उभं करून शिक्षक कार्यालयात जातात, ही पद्धत आधी बंद करा.

आमच्या शाळेत सातवीच्या एका वर्गात हे वर्षभर चाललं होतं. तास सुटला की सर यायचे, यादी बघायचे, शिक्षा करायचे. एका मुलीच्या आईने पालकसभेत विचारलं, “हिची पेनं सारखी कशी हरवतात?” तेव्हा सगळं बाहेर आलं. नाव पुसायला एक पेन, नावापुढची फुली कमी करायला चिंचा किंवा डब्यातला खाऊ. ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, ती मुलं रोज उभी राहत होती. बोललेली असोत वा नसोत. त्यांचा सरांवरचा विश्वास गेला, तो मार्चपर्यंत परतला नाही. मॉनिटरला तरी दोष कसा द्यायचा? बारा वर्षांच्या पोराच्या हातात आपणच फौजदारी दिलेली.

मॉनिटरला कामं द्या: वह्या गोळा करणं, फळ्यावर तारीख आणि पट लिहिणं. दर आठवड्याला मॉनिटर बदला. वर्ग सोडून जावंच लागलं, तर शेजारच्या वर्गावरच्या बाईंना सांगून जा आणि फळ्यावर पाच गणितं लिहून ठेवा. परत आल्यावर ती तपासा मात्र. एकदा तपासली नाहीत, तर पुढच्या वेळी कोणी सोडवणार नाही.

दुसरी चूक म्हणजे गलक्यावर आवाज चढवणं. “पट साठचा आहे, ओरडावंच लागतं,” असं मला नेहमी ऐकवतात. सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो; साठ मुलं बसवणं हा अन्यायच आहे. पण ओरडण्याने तो दूर होत नाही. दिवाळीपर्यंत घसा बसतो आणि मुलांना सवय लागते, सर ओरडेपर्यंत बोलायचं. मी काही न बोलता फळ्यावर पहिला प्रश्न लिहितो आणि पुढच्या दोन बाकांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात सुरुवात करतो. नवे शिक्षक हे दोन दिवस करतात आणि “फरक पडत नाही” म्हणून सोडून देतात. अहो, पहिल्या घटक चाचणीपर्यंत तरी धीर धरा! टाळ्यांचे खेळ पहिली-दुसरीला ठीक. आठवीची मुलं चौथ्या दिवशी कंटाळतात.

एकाने शिट्टी मारली म्हणून सगळ्या वर्गाला शिक्षा नको.

प्रत्येक तक्रार मुख्याध्यापकांकडे नेऊ नका. तुमच्या हातात काही नाही, हे मुलं लगेच ओळखतात.

अंगठे धरायला लावणं, उठाबशा, चारचौघांत अपमान हे तर नकोच. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना २००९ च्या त्याच कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलाचा तास बुडतो, मग पुढचा धडा कळत नाही म्हणून ते पुन्हा दंगा करतं. त्याला पहिल्या बाकावर घ्या, वही उघडायला लावा आणि तास संपल्यावर एकट्याशी बोला.