जुन्या माऊसचा पोर्ट ओळखताना या चुका टाळा

गिरगावातील आमच्या छापखान्यात एक जुना संगणक अजून जपून ठेवलेला आहे, कारण त्यातील जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या संगणकावर नीट उघडत नाही. गेल्या पावसाळ्यात त्याचा माऊस बंद पडला. मागे नऊ पिनांचा पोर्ट दिसला म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून नऊ पिनांचा कन्व्हर्टर आणला आणि त्यात नवा पीएस-२, म्हणजे गोल प्लगचा माऊस जोडला. बाण जागचा हलला नाही. मग त्यालाच दुसरा कन्व्हर्टर लावून यूएसबी माऊस जोडून पाहिला, तोही चालला नाही.

ही चूक सर्रास होते. तो लहानसा कन्व्हर्टर म्हणजे केवळ तारांची अदलाबदल असते, त्याच्या आत सर्किट नसते. ज्या माऊसच्या चिपला स्वतःच्या प्लगची आणि समोरच्या पोर्टची अशा दोन्ही पद्धती येतात, तोच माऊस अशा कन्व्हर्टरवर चालतो. म्हणून माऊससोबत त्याच्याच खोक्यात आलेला कन्व्हर्टर दुसऱ्या माऊसला लावून उपयोग होत नाही. त्यातही सिरीयल पोर्टला, म्हणजे आमच्या त्या नऊ पिनांच्या पोर्टला, वीज पुरवणारी वेगळी पिन नसते. सिरीयल माऊस संदेशाच्या तारांवरूनच थोडी वीज घेतो, सुरू होताच ‘एम’ हे अक्षर पाठवून आपली ओळख देतो आणि पुढे १२०० बॉडच्या (बॉड म्हणजे सेकंदाला जाणाऱ्या संकेतांचे माप) संथ गतीने हालचाल कळवतो. साध्या पीएस-२ माऊसला यातले काहीच ठाऊक नसते. उलट दिशेने, म्हणजे जुना पीएस-२ माऊस यूएसबीवर चालवायचा असेल, तर आत चिप असलेला, जांभळे आणि हिरवे अशी दोन सॉकेटे असलेला कन्व्हर्टर मागावा.

गोल प्लग दिसला की तो पीएस-२च, असे धरून चालणे ही दुसरी चूक. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या पीएस-२ प्लगमध्ये सहा पिना असतात. मात्र तेवढ्याच जाडीच्या गोल प्लगमध्ये चार पिना असतील, तर तो जुन्या ॲपल संगणकांचा एडीबी माऊस असतो, आणि नऊ असतील तर मायक्रोसॉफ्टचा बस माऊस. म्हणून टॉर्चच्या उजेडात पिना मोजाव्यात. प्लग जात नसेल तर जोर लावू नये, कारण पिना सहज वाकतात. वाकलेली पिन पेन पेन्सिलीच्या रिकाम्या टोकात अडकवून हळूहळू सरळ करता येते. पक्कड मात्र वापरू नये, तिने पिन तुटते.

चपट्या, डी आकाराच्या पोर्टमध्ये आकड्याइतकेच पिना कोणत्या बाजूला आहेत हे महत्त्वाचे आहे. पीसीच्या सिरीयल पोर्टात वर पाच आणि खाली चार पिना संगणकाच्या बाजूला असतात, तर माऊसच्या प्लगला भोके असतात. संगणकाच्याच बाजूला नऊ भोके असतील, तर तो बहुधा सीजीए किंवा ईजीए या जुन्या पद्धतींच्या मॉनिटरचा पोर्ट असतो. तिथे जेंडर चेंजर (भोकांच्या जागी पिना किंवा पिनांच्या जागी भोके करणारा जोड) लावून माऊस बसवण्याचा प्रयत्न कृपया करू नये. पंचवीस भोकांचा पोर्ट प्रिंटरचा असतो. पंचवीस पिना असतील तर तो सिरीयल समजावा.

पीएस-२ पोर्टच्या रंगांत हिरवा माऊसचा आणि जांभळा कीबोर्डचा. रंग नसलेल्या आधीच्या मदरबोर्डांवर शेजारचे छोटे चित्र पाहावे, कारण दोन्ही पोर्ट दिसायला सारखेच असतात. संगणक चालू असताना हा प्लग काढू-घालू नये, त्याची रचना त्यासाठी केलेली नाही. अनेक बोर्डांवर दोन्ही पोर्टांच्या ५ व्होल्टच्या पुरवठ्याला एकच फ्यूज असतो, त्यामुळे माऊस आणि कीबोर्ड एकदमच बंद पडले तर आधी त्या फ्यूजवर संशय घ्यावा. योग्य माऊस जोडूनही बाण दिसत नसेल, तर संगणक एकदा पूर्ण बंद करून सुरू करावा, आणि सिरीयल माऊस असल्यास बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) कॉम पोर्ट, म्हणजे सिरीयल पोर्ट, बंद ठेवलेला नाही ना, हे पाहावे.

मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट थर चढतो. संगणकाची वायर भिंतीतून काढून, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच प्लग बसवावा. आमच्या संगणकाला शेवटी चोर बाजारातून आणलेला एक जुना सिरीयल माऊसच लागू पडला, तोही पिना अशाच पुसून घेतल्यानंतर.