पंख्याखालची रुईची चकती: माझा कॉम्प्युटर मी थंड कसा ठेवते
सोलापुरात आमच्या डीटीपीच्या दुकानाला लागूनच टॉवेलचा कारखाना आहे. माग चालू असले की रुईचे तंतू दारातून आत येतात, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत पत्रिका लावता लावता माझा कॉम्प्युटर दर वीस मिनिटांनी आपोआप बंद पडायला लागला. दुरुस्तीवाल्याने एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बदलायला सांगितला. बदलला, तरी दुखणं तसंच. शेवटी मीच प्रोसेसरवरचा पंखा सोडवला. पंखा बऱ्यापैकी स्वच्छ होता. पण खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांवर रुईची गोल चकती बसली होती. चिमटीत धरून उचलली तर अख्खी निघाली, वाती वळायच्या कापसासारखी मऊ. पंखा गरगर फिरत होता, पण हवा खाली उतरतच नव्हती.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, नुसता वरून ब्लोअर मारून थांबू नका. त्याने ही चकती पट्ट्यांत आणखी घट्ट बसते. पंखा काढाच.

आधी कॉम्प्युटर शट डाऊन करून सगळ्या वायरी काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. वायरी काढण्याआधीच त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कॅबिनेट गच्चीवर किंवा अंगणात न्या. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. या कामाला मी सुती कपडेच घालते.

प्रोसेसरवरच्या बऱ्याच कूलरांचा (हीटसिंक आणि पंख्याच्या जोडीचा) पंखा चार स्क्रूंवर किंवा क्लिपांवर असतो. तो सुटला की हीटसिंक जागेवर राहू द्या. चकती चिमट्याने उचला, उरलेलं नव्या कोऱ्या एक इंची रंगाच्या ब्रशने काढा आणि मगच ब्लोअर मारा, वीतभर लांबून. इतर पंख्यांवर हवा मारताना पातं बोटाने अडवून धरा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरतो, बेअरिंग खराब होतं आणि उलटी वीज तयार होऊन बोर्डात जाऊ शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका, त्याच्या प्लास्टिकच्या तोंडावर स्थिर वीज साठते. एसएमपीएसला बाहेरूनच हवा मारा, उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतकी वीज राहते.

हीटसिंक काढावाच लागला तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता पोचवणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मटारच्या दाण्याएवढी नवी लावा. जुनी पेस्ट पुन्हा चालत नाही. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या खाचेवर) हीटसिंक सरळ वर ओढू नका, त्याला चिकटून प्रोसेसरच उपटून येऊ शकतो. बंद करण्याआधी कॉम्प्युटर पाच-दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करा, आणि काढताना हीटसिंक आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवा.

सफाईच्या आधी आणि नंतर प्रोसेसरचं तापमान बघा, ते बायोसमध्येही (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) दिसतं. काम चालू असताना माझ्या मशीनचं तापमान ९७-९८ अंशांवर जायचं, चकती काढल्यावर ७५च्या वर गेलं नाही. शंभराच्या आसपास पोचलं की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर बंद पडतो. मशीन उन्हाळ्यात रडतखडत चालत असेल तर हे आधी तपासा.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, झाडू मारला की सगळं आत जातं. माझं आता स्टुलावर आहे, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडून. बाजूचं झाकण उघडं ठेवल्याने गार राहतं असं सांगणारे भेटतील. आमच्या इथे त्याने रुईला सरळ वाट मिळते. पुढे हवा आत घेणाऱ्या पंख्यावर मी डासांच्या जाळीचा तुकडा लावलाय आणि दर शनिवारी ब्रशने झाडते. मागे जाळी लावायची नाही, तिथून गरम हवा बाहेर पडते. आणि उदबत्ती कॅबिनेटपासून लांब लावा. धुराचा चिकटा पात्यांवर बसला की धूळ सुटत नाही. मी देवाची तसबीर समोरच्या भिंतीवर नेली.

अशी पूर्ण सफाई मी दर तीन महिन्यांनी करते, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. झाकण बसवण्याआधी एकदा चालू करून बघा, प्रोसेसरचा पंखा फिरतोय ना आणि एखादी वायर पात्याला घासत नाही ना.