ठाणे-नवी मुंबईत कला-संस्था चालवणाऱ्यांसाठी ट्रेनिंग कसं लावायचं

कथक येतं, तबला येतो, रडकी पोरं सांभाळता येतात, पण संस्था चालवायला कोणी कधी शिकवलेलंच नसतं. कळवा घ्या, ऐरोली घ्या, नेरूळ घ्या, गाणं-नाच-नाटक-चित्रकला शिकवणाऱ्या संस्थेच्या ताई किंवा सर स्वतःच फी गोळा करतात, हॉलवाल्याशी भाड्यावरून घासाघीस करतात, परीक्षेचे फॉर्म भरतात आणि गॅदरिंगला मुख्य पाहुण्यांना घ्यायला स्टेशनवरही तेच जातात. त्यांना डेंग्यू झाला की क्लास बंद. तर अशा मंडळींसाठी आपल्याआपल्यात ट्रेनिंग कसं उभं करायचं ते सांगतो.

बाहेर असं काही नाहीच असं नाही. अमेरिकेत १९३७ साली स्थापन झालेल्या नॅशनल गिल्ड फॉर कम्युनिटी आर्ट्स एज्युकेशनने खास कला-शाळांच्या प्रमुखांसाठी लीडरशिप इन्स्टिट्यूट भरवली, आपल्याकडे नाटकवाल्यांसाठी इंडिया थिएटर फोरम, इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आणि जुनून यांनी मिळून स्मार्ट नावाचा कोर्स काढला. चांगलंच आहे, जमत असेल तर जरूर जा. पण लोकमान्य नगरात चाळीस पोरांना हार्मोनियम शिकवणाऱ्या बाईंना दिवसच्या दिवस बाहेर राहून इंग्रजी प्रेझेंटेशन ऐकणं परवडत नाही, म्हणून पाच-सहा संस्थांनी मिळून घरच्या घरी करायचं. सहाच्या वर नको, कारण मग कोणी आपली खरी वही बाहेर काढत नाही.

आधी वेळ. रविवारी ट्रेनिंग ठेवणारा माणूस क्लास चालवत नाही हे लगेच कळतं, कारण शनिवार-रविवार आणि संध्याकाळ हीच आपल्या धंद्याची वेळ. मंगळवार किंवा बुधवार सकाळी अकरा ते तीन ठेवा, महिन्यातून एकदा. महिनेही बघून घ्या: गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्या-नाचाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला, मधे गणपती-नवरात्रीचे कार्यक्रम, मग डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगं. म्हणजे जून ते ऑगस्ट आणि फेब्रुवारी-मार्च एवढेच हातात राहतात, पाच सेशन बसतात, तेवढी पुरतात. जागा भाड्याने घेऊ नका, दरवेळी एकाच्या क्लासवर जमा, ट्रान्सहार्बरने ठाण्याहून वाशी-नेरूळ सरळ गाडी आहे आणि दुसऱ्याचा हॉल, बुटांची रॅक, फी लिहायची पद्धत बघूनच अर्धं शिकून होतं.

पहिलं सेशन पैशाचं. व्हिजन-मिशनपासून सुरुवात करणारा ट्रेनर आणलात तर जेवणानंतर अर्धे लोक निघून जातील, एखादा सीए आणा जो ट्रस्टचे ऑडिट करतो. प्रत्येकाने स्वतःची फीची वही आणायची, आणि एक हिशोब तिथेच बसून करायचा: एका विद्यार्थ्यामागे महिन्याला आपल्याला किती पडतं. समजा हॉलभाडं ९,०००, तबलजी ६,०००, मदतनीस शिक्षिका १२,०००, लाइट-साफसफाई १,५००, झाले २८,५००. पोरं ४०, म्हणजे डोक्यामागे साधारण ७१३ रुपये, फी ७५०, चला सुटतंय. आता यात ताईंचा स्वतःचा पगार कुठेय? त्यांचे १५,००० धरा, की आकडा १,०८८ वर जातो. त्यात फी दहा महिनेच येते आणि भाडं बारा महिने जातं. घोडं इथेच पेंड खातं. फी वाढवायची, बॅच वाढवायची की देणगीदार शोधायचा हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण आकडा समोर नसताना घेतलेला निर्णय म्हणजे रामभरोसे कारभार.

त्याच दिवशी जीएसटी उरकून घ्या. कला शिकवणं माफ आहे असं सगळे एकमेकांना सांगत असतात, पण १८ जुलै २०२२ पासून कला शिकवण्याची ती माफी एकट्या व्यक्तीने शिकवलं तरच आहे, ट्रस्टच्या नावाने शिकवलं तर त्या माफीचा आधार राहिला नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या जवळ आली की सीएला आधी गाठायचं, नोटीस आल्यावर नाही.

दुसरं सेशन मुलांच्या सुरक्षिततेचं, आणि हे टाळायचं नाही. "आमच्याकडे सगळे घरचेच आहेत" हे वाक्य हमखास येणार. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा, अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू, आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा माहीत असूनही कळवला नाही तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणजे "बघू, आपसात मिटवू" हा पर्यायच नाही, पोलिसात कळवायचं. पण भाषणाने काही होत नाही, रोजच्या गोष्टींवर बोला: अरमंडी, म्हणजे भरतनाट्यमची अर्धी बैठक, दुरुस्त करताना हात लावायचा की तोंडाने सांगायचं, आधी विचारायचं का, एकट्या मुलीला तालीम असेल तर दार उघडं आणि बाहेर कोण बसणार, सरांनी विद्यार्थिनीला रात्री पर्सनल व्हॉट्सॲप करायचा की पालकांच्या ग्रुपवरच टाकायचं. नाट्यगृहातली मेकअप रूम तर सगळ्यात मोठी गडबड. गडकरी रंगायतन असो की वाशीचं भावे, गॅदरिंगला विंगेत आणि मेकअप रूममध्ये कोण कोणाचे काका-मामा शिरतात पत्ता नसतो, तेव्हा मुलींच्या खोलीच्या दाराशी नाव लिहिलेला कागद घेऊन दोन आया बसवायच्या, यादीत नाही त्याला प्रवेश नाही, मग तो स्पॉन्सर का असेना. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ भिंतीवर लावा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही लागते, तेही त्याच दिवशी.

तिसरं कागदांचं, इथे वकील हवा आणि तो धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नेहमी उठबस असलेला हवा. मुख्य मुद्दा एकच, चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, ९० दिवसांत कळवायचं असतं. बहुतेक संस्थांमध्ये कागदावरचे अध्यक्ष कधीच पुण्याला शिफ्ट झालेले असतात आणि बँकेत सही बदलायची वेळ आली की धावपळ सुरू. ऑडिट, देणगीदाराला करसवलत देणारं ८०जी, देणगीचं विवरण ३१ मेच्या आत, सीएसआर म्हणजे कंपन्यांचा समाजकामाचा पैसा मागायचा तर सीएसआर-१ नोंदणी, एवढं सगळं एका पानावर तारखांसकट लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा, बास.

चौथं सेशन माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड, दुसरी फळी. प्रत्येक संस्थेने या सेशनला दोन जण पाठवायचे, प्रमुख आणि जो पुढे सांभाळू शकेल तो. दोघांना वेगळं बसवा आणि एकच यादी लिहायला लावा: ताई महिनाभर नाहीत, काय काय अडेल? ताईंची यादी छोटी असते, दुसऱ्याची लांबलचक, कारण हॉलची चावी, बँकेचा ओटीपी, परीक्षा केंद्राच्या लॉगिनचा पासवर्ड, तबलजींना कधी ॲडव्हान्स द्यायचा, हे सगळं ताईंच्या डोक्यात. यादी जुळवून बघितली की कामं वाटली जातात. मग तारीख ठरवून ताईंनी पंधरा दिवस खरंच क्लासवर यायचं नाही, फोनही दुसऱ्याने करायचा नाही. हे ऐकून काही गुरूंना राग येतो, गुरू-शिष्य परंपरेत असं चालत नाही म्हणतात. शिकवणं गुरूचंच राहू दे हो, लाइट बिल शिष्याने भरलं म्हणून घराणं बुडत नाही.

पाचवं बाहेर सांगण्याचं. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर वंचितांचा रंगमंच उभा केला, वस्तीतली मुलं स्वतःच्या जगण्यावर स्वतः नाटकं बसवतात, हे दोन ओळींत कोणालाही कळतं. तसं तुमचं काम दोन ओळींत सांगता येतं का ते तपासा. कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या यादीत कला आणि संस्कृती आहे, पण महापे-रबाळ्यातल्या कंपनीत जाऊन "आम्ही संस्कृती जपतो" म्हटलं की चहा मिळतो, चेक नाही. किती मुलं, कुठल्या वस्तीतली, किती टिकली, एकामागे खर्च किती, हे लागतं, आणि तो शेवटचा आकडा पहिल्या सेशनला काढलेलाच असतो.

फी ठेवा, हजार-दोन हजार का होईना, फुकट असलं की तिसऱ्या सेशनला कोणी फिरकत नाही. सीए-वकिलांना मानधन त्यातून द्या, पेन ड्राइव्ह आणि फोल्डर वाटण्यात घालवू नका. दोन सेशनच्या मधे प्रत्येकाने एकच काम करून आणायचं आणि फोटो ग्रुपवर टाकायचा, कपाटावरचा कागद, मेकअप रूमची यादी, असं. पुढच्या वर्षीची बॅच लावायची झाली तर यंदाच्या दुसऱ्या फळीतल्या दोघांकडेच द्या, त्यांना चावी, पासवर्ड आणि सीएचा नंबर तोवर मिळालेला असेल.