गळतीची दुरुस्ती चालू असताना घरभर धूळ होऊ नये म्हणून

ओल आलेल्या भिंतीचा गिलावा एका खोलीत फोडतात, पण धूळ बसते घरभर, अगदी झाकलेल्या भांड्यांवरही. त्यावर हा उपाय खरोखर चालतो.

१. त्या खोलीच्या चौकटीला जाड प्लास्टिकचे दोन पडदे वरून चिकटवा, मधोमध हातभर एकमेकांवर येतील असे. उंबऱ्याशी ओलं पोतं टाका.

२. खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावा. पडदे आत ओढले गेले की समजा, धूळ बाहेर चालली आहे. फोडकाम थांबल्यावरही तो तासभर चालू राहू द्या. बारीक धूळ फार उशिरा खाली बसते.

ओलीजवळ स्विचबोर्ड असेल तर त्या खोलीचा एमसीबी बंदच ठेवा. पंख्याला वीज दुसऱ्या खोलीतून घ्या आणि वायर चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून आणा, ओल्या पोत्यावरून नाही.