पायथनच्या कमांड लाइन टूलमधल्या फंक्शनला डॉकस्ट्रिंग कशी लिहायची

ऐरोलीला आमच्या टीममध्ये पावत्यांच्या सीएसव्ही फाइल साफ करणारं छोटं टूल आहे, टर्मिनलवरून चालतं, आणि नवीन आलेली मुलं दर वेळी विचारतात की हे फंक्शन परत काय देतं, म्हणून एकदा नीट लिहितोय.

फंक्शन सुरू करणाऱ्या डेफच्या (def) ओळीखाली लगेच, सगळ्यात आधी, तीन डबल कोटमध्ये डॉकस्ट्रिंग, म्हणजे ते फंक्शन काय करतं याचं वर्णन, टाका. हॅशची कॉमेंट फक्त फाइल उघडणाऱ्याला दिसते, डॉकस्ट्रिंग मात्र हेल्प फंक्शन चालवलं की समोर येते. 2001 च्या पेप 257 (डॉकस्ट्रिंग कशी लिहावी याचा पायथनचा संकेत) प्रमाणे पहिली ओळ एकाच वाक्याची, आज्ञार्थी: 'तारीख तपासून परत दे.' मग एक रिकामी ओळ, मग तपशील.

खरी मेहनत तपशिलात आहे. कोडवरून दिसतंच ते परत नका लिहू. रिकामी ओळ आली तर काय होतं, 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, चुकीच्या इनपुटला व्हॅल्यू एरर येते की नन (None, म्हणजे 'काहीच नाही') मिळतं, आणि मूळ फाइल बदलते का, हे शेवटचं तर लिहाच लिहा, ते न लिहिल्यामुळे आमच्या अख्ख्या महिन्याच्या पावत्या ओव्हरराइट झाल्या होत्या.

टूल वापरणारा माणूस मात्र कोड उघडत नाही, तो टर्मिनलवर हेल्प फ्लॅग (--help) मारतो. म्हणून आर्गपार्समध्ये (टर्मिनलवर दिलेले पर्याय वाचणारं पायथनचं मॉड्यूल) प्रत्येक आर्ग्युमेंटला हेल्प द्या. फाइलच्या सुरुवातीची डॉकस्ट्रिंगच त्याच्या डिस्क्रिप्शनला दिली की दोनदा लिहायला नको, फक्त आर्गपार्स सगळ्या ओळी एकत्र करून टाकतो, त्यासाठी रॉ डिस्क्रिप्शन हेल्प फॉर्मॅटर लावा. डॉकस्ट्रिंगमध्ये उदाहरणं टाकली असतील तर ती डॉकटेस्ट या पायथनच्या मॉड्यूलने चालवून बघा, आउटपुट बदललं की लगेच कळतं.