घोड्याजवळ जाण्याआधी त्याचे कान बघा

'साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये' ही म्हण पाठ असलेली माणसंसुद्धा माथेरानला दस्तुरीवर (गाड्या थांबतात त्या नाक्यावर) उतरली की सेल्फीसाठी नेमकी घोड्याच्या नाकासमोर उभी राहतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, पण थेट शेपटीमागचं आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं दिसत नाही. तिथून अचानक काही हललं की तो बुजतो.

१. लांबूनच कान बघा. एक कान तुमच्याकडे वळला, तर त्याने तुमची दखल घेतली आहे. दोन्ही कान सैल, खालचा ओठ लोंबतोय, मागचा एक पाय खुराच्या टोकावर टेकवलाय, म्हणजे डुलकी चालली आहे. आवाज दिल्याशिवाय हात लावू नका. कान नुसते मागे वळले म्हणजे राग नव्हे, तो मागचा आवाज ऐकत असेल. मात्र कान मानेला चिकटतील इतके दाबलेले आणि नाकपुड्या आवळलेल्या दिसल्या की तिथेच थांबा, घोडेवाला 'काही करत नाही हो' म्हणाला तरी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मारवाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडलेली दिसतील. तिथे टोकं नव्हे, कानाचं बूड कुठे झुकलंय ते बघा.

२. मग बाकीचं अंग. माश्या हाकलणारी शेपूट सहज हलते, चिडलेल्याची फटकारे मारते. मान उंच, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, अंग ताठ: घाबरलाय. तुमच्याकडे पुठ्ठा (ढुंगणाचा भाग) फिरवला, तर लाथेची तयारी समजा आणि बाजूला व्हा.

३. डाव्या खांद्याच्या दिशेने, तिरकं, बोलत जा. बहुतेक घोड्यांना माणसाने डावीकडून येण्याची सवय असते. आधी मानेवर किंवा खांद्यावर हात ठेवा. तोंडावरून हात फिरवायची घाई नको.

४. मागून जावंच लागलं तर दहा-बारा फूट लांबून जा. घोडेवाले पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी चिकटून जातात, कारण तिथे लाथेला जोर मिळत नाही. तो प्रकार त्यांनाच करू द्या. सगळ्यात वाईट जागा म्हणजे मधलं अंतर, ना चिकटून ना लांब. रांगेत बांधलेल्या दोन घोड्यांच्या मधून तर जाऊच नका. त्यांचं आपसातलं भांडण तुमच्या अंगावर येईल.

५. गाजर द्यायचं तर मालकाला विचारून, तळहात सपाट ठेवून. फडफडणारी प्लॅस्टिकची पिशवी आधी सॅकमध्ये टाका. दोर हाताला गुंडाळू नका, घोडा उधळला तर सुटायला वेळ मिळत नाही.

६. बसण्याआधी हेल्मेट मागून घ्या. खोगीर आवळताना घोडा कान पाडून चावायला वळत असेल, तर दुखत असण्याची शक्यता असते. दुसरा घोडा मागा.